कंपनीच्या बसबाहेरची दुबई

(सोनापूरच्या एका कॅम्पमध्ये रविवारी संध्याकाळी केलेलं भाषण. जे तिथं नव्हते त्यांच्यासाठी लिहून काढलंय. थोडं नीट केलंय, बाकी बोललो तसंच आहे.)



मला विषय दिलाय, दुबईत बस-मेट्रोनं फिरायचं कसं. हे ऐकून मागच्या बाकावरचा एक जण हळूच म्हणाला, "फिरायला वेळ कुणाला आहे?" बरोबर आहे त्याचं. पण बुर्ज खलिफासमोर उभं राहून फोटो काढायच्या फिरण्याबद्दल मी बोलत नाहीये. तो तुम्ही जरूर काढा, घरी पाठवा, आईला बरं वाटतं. मी बोलतोय ते दुसऱ्या फिरण्याबद्दल. पगार अडकलाय, दाढ ठणकतेय, पासपोर्टची मुदत संपत आलीय, गावाकडून वाईट फोन आलाय, अशा वेळी कुणाला न विचारता, कुणाची गाडी न मागता आपल्याला जिथं जायचंय तिथं जाता येतं का? एवढाच माझा विषय आहे.

मघाशी मी विचारलं की दोन वर्षांच्या वर इथं कोण कोण आहे. जवळजवळ सगळे हात वर. मग विचारलं, खिशात नोल कार्ड कुणाकडं आहे. निम्मे हात खाली आले. यात कुणी लाजू नका. आपली गाडी दारातून उचलते आणि दारात आणून सोडते, मग कार्ड लागणार कशाला?

या गाडीबद्दल जरा बोलू. मी डिप्लोमा सिव्हिल, साईटवर सुपरवायझर. रेडिमिक्सची गाडी गेटवर आली की पहिलं काम काय? चलन बघायचं. प्लांटमधून किती वाजता निघाली ते त्यावर लिहिलेलं असतं. उशीर झाला असेल तर आत घ्यायची का परत पाठवायची ते ठरवायचं, कारण काँक्रीट तेवढाच वेळ दम धरतं. आता माणसांची बस बघा. पहाटे साडेचारला कॅम्पातून निघते, वाटेत आणखी दोन कॅम्प करते, सहाला साईटवर पोचते. संध्याकाळी सहाला सुटी, ट्रॅफिकमधून आठला कॅम्पात. त्या बसला चलन नाही. माणूस किती वाजता निघाला आणि किती वाजता पोचला हे कुठल्याही कागदावर येत नाही. माझ्या टाइमशीटवर तुम्ही सकाळी साईटवर उगवता आणि संध्याकाळी साईटवरच मावळता.

म्हणून पहिली गोष्ट, जिला एक पैसा लागत नाही. बस कॅम्पातून कधी निघाली आणि साईटवर कधी पोचली ते रोज मोबाईलमध्ये टिपून ठेवा. ते कशाला, ते पुढं सांगतो.

आधी एका माणसाची गोष्ट. नाव सांगत नाही, कंपनीचंही नाही. नांदेडकडचा शटरिंग कारपेंटर, हाताला अगदी साफ. एक्स्पोच्या जागेपर्यंत रेड लाइनचा जो फाटा नेला, त्याच्या खांबांच्या कामावर तो होता. त्या फाट्यावर २०२१ साली गाड्या सुरू झाल्या. पुढं तो दुसऱ्या कंपनीत लागला आणि तिथं त्याचा तीन महिन्यांचा पगार थकला. त्याला वकिलातीत जाऊन कागद दाखवायचे होते. फोनवर बोलून त्याचं समाधान होत नव्हतं, कारण हिंदी बोलताना तो अडखळायचा. कॅम्प बॉसकडं गाडी मागितली. बॉस म्हणाला, "गाडी नाही, आणि एकटा बाहेर गेलास तर पोलीस धरतील." हा गडी महिनाभर गप्प बसला. खिशात एमिरेट्स आयडी होता, व्हिसा चालू होता, पोलीस कशाला धरतील? पण हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी शेजारच्या खोलीतला एक मल्याळी प्लंबर त्याला घेऊन गेला. बस, मग मेट्रो. जायला साडेसात दिरहम, यायला साडेसात. पंधरा दिरहमसाठी महिना गेला. मेट्रोत तो पहिल्यांदाच बसत होता. तक्रार झाली, तीनपैकी दोन महिन्यांचे पैसे हप्त्याहप्त्यानं निघाले, तिसऱ्याचे नाही निघाले.

आता कामाचं बोलू.

नोल कार्ड. तुम्हाला लागतं ते चंदेरी, सिल्व्हर. २५ दिरहमला मिळतं, त्यातले १९ दिरहम प्रवासाला वापरता येतात. मेट्रो, ट्राम, बस सगळीकडं हेच चालतं. सोनेरी घेऊ नका, ते गोल्ड डब्यासाठी आहे आणि त्याला दुप्पट भाडं पडतं. निळं कार्ड तुमच्या नावाचं असतं. ते महाग आहे, पण हरवलं तर आतले पैसे बुडत नाहीत. चंदेरी हरवलं की पैसेही गेले.

भाडं झोननुसार. एकाच झोनमध्ये ३ दिरहम, लागून असलेल्या दोन झोनमध्ये ५, त्यापुढं कितीही लांब गेलात तरी ७.५०. आता नीट ऐका, कारण इथंच लोकांचे पैसे जातात. बसमधून उतरून अर्ध्या तासाच्या आत मेट्रोत शिरलात तर दोन्ही मिळून एकच प्रवास धरला जातो, एकच भाडं. बसमधून उतरून चहाला थांबलात, गप्पा मारल्या, चाळीस मिनिटं गेली, की नवीन भाडं सुरू. चहा आधी प्या किंवा नंतर प्या.

चढताना कार्ड टेकवायचं, उतरतानाही टेकवायचं. मेट्रोत गेट असतं म्हणून विसरता येत नाही. बसमध्ये उतरताना लोक विसरतात आणि मग पूर्ण भाडं कापलं जातं. बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत. ड्रायव्हरसमोर दहाची नोट धरून उभे राहिलात तर तो तुम्हाला उतरवेल, त्यात त्याचा दोष नाही. आणि आपल्या एसटीची 'हात दाखवा, गाडी थांबवा' योजना इथं नाही. थांबा असेल तिथंच बस थांबते. थांब्यावर मात्र हात दाखवा, म्हणजे ड्रायव्हरला कळतं.

कार्डात जाऊन-येऊन पुरतील असे १५ दिरहम कायम ठेवा. महिना अखेरीला सगळे पैसे गावी पाठवून कार्ड रिकामं ठेवणारे आपल्यात बरेच आहेत. अडचण नेमकी त्याच आठवड्यात येते. स्टेशनाच्या खिडकीवर आता एकदम ५० दिरहम भरावे लागतात. कमी भरायचे असतील तर मशिनवर जा.

बसच्या नंबरामागं अक्षर असतं, तेवढं ओळखा म्हणजे अर्धं काम झालं. एफ म्हणजे मेट्रो स्टेशनाला जोडणारी फीडर बस. एक्स म्हणजे एक्सप्रेस, थोडेच थांबे. ई म्हणजे दुसऱ्या शहराला जाणारी. अबू धाबीला जायचं असेल तर अल घुबैबाहून ई १०० किंवा इब्न बतूताहून ई १०१, तिकीट २५ दिरहम. पण अबू धाबीत उतरल्यावर तिथल्या शहर बसला नोल चालत नाही, तिथलं कार्ड वेगळं आहे, हाफिलात म्हणतात. एकच देश, पण कार्डं दोन. मला हे कधी पटलेलं नाही. कामाच्या शोधात एका अमिरातीतून दुसरीत जाणारा माणूस बहुतेक वेळा आपल्यातलाच असतो.

मेट्रोची वेळ लक्षात ठेवा. सोमवार ते गुरुवार आणि शनिवारी पहाटे ५ ते रात्री १२, शुक्रवारी पहाटे ५ ते रात्री १. आणि रविवारी, म्हणजे आपल्या सुटीच्या दिवशी, सकाळी ८ ला उघडते. रविवारी सहाला उठून स्टेशनावर जाऊन बसलेली माणसं मी पाहिलीयत.

दंड. हे मुद्दाम खुलवून सांगतो, कारण हजार दिरहम पगाराच्या हेल्परला २०० दिरहम म्हणजे सहा दिवसांची मजुरी. भाडं न भरता प्रवास केला तर २००. आत खाल्लं-प्यालं तर १००, यात च्युइंगम आलं, पाण्याची बाटलीही आली. थुंकलं तर २००. बसथांब्यात किंवा जिथं मनाई आहे तिथं झोपलं तर ३००. एसीचा थांबा, बारा तास काम केलेलं अंग, डोळा लागतोच. म्हणून दोघं जात असाल तर एकानं जागं राहायचं. महिला आणि मुलांच्या डब्यात पुरुष शिरला तर १००. फलाटावर जमिनीवर गुलाबी खूण असते, तिच्यापासून लांब उभे राहा. गर्दी असली की लोक ढकलत नेतात आणि दार बंद झाल्यावर कळतं की आपण रेषेच्या पलीकडं आहोत. तपासनीस तुमची बाजू ऐकेल, पण पावती फाडूनच ऐकेल.

स्टेशनांची नावं ही एक वेगळीच डोकेदुखी. इथं स्टेशनाचं नाव कंपन्यांना विकतात. जुनं रशिदिया आता सेंटरपॉइंट. जाफिलियाचं मॅक्स झालं. ग्रीन लाइनच्या टोकाचं इतिसालात, ज्याला आता ई-अँड म्हणतात, ते आपल्याला सगळ्यात जवळचं. दहा वर्षं राहिलेला माणूस तुम्हाला जुनं नाव सांगणार, गाडीत घोषणा नव्या नावाची होणार, आणि तुम्ही मधेच बसून राहणार. ज्याला रस्ता विचाराल त्याला नकाशावर बोट ठेवून दाखवायला सांगा. आणि आपल्या जवळच्या स्टेशनाच्या पाटीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. परत येताना वाचता येत नसेल तरी तो फोटो कुणालाही दाखवता येतो. आपल्यातले सगळेच इंग्रजी वाचत नाहीत, हे सुपरवायझर लोक सोयीस्कर विसरतात.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. रस्ता ओलांडणं. कॅम्पाच्या पलीकडं दुकान दिसतंय, पूल लांब आहे, म्हणून माणसं सहा पदरी रस्ता पळत ओलांडतात. रात्री, अंगात गडद रंगाचे कपडे. चुकीच्या ठिकाणी ओलांडलं तर ४०० दिरहम दंड होता तो होताच. २०२५ च्या मार्चपासून नवीन वाहतूक कायदा लागू झालाय, त्यात ८० किंवा जास्त वेगमर्यादेचा रस्ता असा ओलांडला तर प्रकरण थेट कैदेपर्यंत जाऊ शकतं. पण दंड सोडा. ताशी शंभरनं येणाऱ्या गाडीला तुम्ही दिसून ती थांबेपर्यंत काय होतं, ते साईटवर तुम्हाला मी सांगायची गरज नाही. साईटवर पट्टा बांधल्याशिवाय चढू देत नाही म्हणून तुम्ही माझ्यावर चिडता, आणि तोच माणूस दुधाच्या पिशवीसाठी हायवेवर उडी घेतो.

तसंच ते कार लिफ्टचं. दहा दिरहम द्या, दारातून नेतो, म्हणणारे पुष्कळ आहेत. परवाना नसताना असे प्रवासी नेणं इथं बेकायदा आहे. लोक का जातात हे मला कळतं. बसची वाट बघत उन्हात उभं राहायचं, बदलायची, परत चालायचं, त्यापेक्षा हे सोपं. पण अपघात झाला तर त्या गाडीत तुम्ही कोण होता याचं उत्तर देताना ड्रायव्हर सगळ्यात आधी तुम्हालाच ओळख दाखवणार नाही.

आता ते वेळ टिपायचं कशाला, ते सांगतो. इथला कामगार कायदा, २०२१ चा ३३ क्रमांकाचा, २०२२ च्या फेब्रुवारीपासून लागू आहे. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. घरून साईटवर जायचा-यायचा वेळ एरवी कामाच्या तासांत धरत नाहीत. हे मला अन्यायाचं वाटतं. राहायची जागा कंपनीनं ठरवायची, गाडी कंपनीची, वेळ कंपनीची, आणि त्यात जाणारे साडेतीन तास मात्र माझे? पण कायदा आज तसा आहे. त्याच्या नियमांत तीन अपवाद आहेत, ते पाठ करा. हवामान बिघडलंय आणि हवामान केंद्राचा इशारा आहे. कंपनीच्या गाडीला अपघात झाला किंवा ती अचानक बंद पडली. किंवा करारातच तसं लिहिलंय. या तीन वेळी प्रवासाचा वेळ कामाचा वेळ धरायचा असतो.

१६ एप्रिल २०२४ आठवतोय ना? १९४९ पासून या देशात पावसाच्या नोंदी आहेत, त्यात एवढा पाऊस कधी नोंदला गेला नव्हता. रस्त्यावर गाड्या तरंगत होत्या, मेट्रोची काही स्टेशनं तर मे महिन्यातच परत उघडली. त्या दिवशी कामगारांच्या किती बसगाड्या रात्रभर पाण्यात अडकून पडल्या ते तुम्ही पाहिलंय, काही जण आतच होतात. ते तास कुणाच्या टाइमशीटवर आले? ज्याच्याकडं निघाल्या-पोचल्याची वेळ लिहिलेली होती, फोटो होता, त्याला निदान बोलायला तोंड होतं. मला वरून टाइमशीट भरून मागतात, तेव्हा मी आठ तासच भरावेत अशी अपेक्षा असते. तुमची नोंद समोर असली तर मलाही वरच्याला दाखवायला काहीतरी असतं. सुपरवायझर तुमच्या बाजूचा आहे का कंपनीच्या, याच्यावर नुसता भरवसा ठेवू नका, कागद ठेवा.

त्याच कायद्यात आणखी एक आहे. तुमची ओळखीची कागदपत्रं मालकानं काढून ठेवायची नाहीत. पासपोर्ट तुमच्याकडं हवा. बाहेर पडताना एमिरेट्स आयडी खिशात, पासपोर्ट कपाटात कुलपात. पगाराची, कामाची तक्रार मंत्रालयाकडं ८००८४ वर फोन करून सुरू करता येते. आपल्या वकिलातीचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, फोन ८०० ४६३४२, चोवीस तास. मोबाईलच्या बटणांवर ८०० नंतर इंग्रजी अक्षरांत इंडिया टाइप केलं की हाच नंबर होतो. हे दोन्ही नंबर पत्नीच्या, भावाच्या मोबाईलमध्येही टाकून ठेवा. आपला फोन बंद पडला तर तिकडून कुणीतरी विचारू शकलं पाहिजे.

आता माझी तक्रार. दुबईची मेट्रो चांगली आहे, मी तिचा चाहता आहे. २००९ च्या ९ सप्टेंबरला सुरू झाली, ड्रायव्हरशिवाय चालते, मिनिटांत येते, स्वच्छ आहे. इंजिनिअरिंगची नजर असलेल्या माणसाला त्या पुलांची वळणं बघत राहावीशी वाटतात. पण नकाशा उघडा आणि बघा ती कुठून कुठं जाते. विमानतळ, मॉल, ऑफिसं, हॉटेलं. ज्यांनी खांब उभे केले ते राहतात मुहैसनात, अल कूझच्या मागं, जबल अलीच्या औद्योगिक भागात. तिथून स्टेशन गाठायला आधी बस, आणि बसथांब्यापर्यंत चालणं. जूनमध्ये ते चालणं काय असतं ते सांगायला नको. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम बंद ठेवतात, पण थांब्यापर्यंत चालणाऱ्याला सुटी नाही. आता ब्लू लाइनचं काम चाललंय, ३० किलोमीटर, १४ स्टेशनं, २०२९ च्या ९ सप्टेंबरला सुरू करायचं ठरलंय. इंटरनॅशनल सिटीतल्या लोकांची सोय होईल, तिथं आपलेही बरेच राहतात. तिच्या कामावर आपल्यातले काही जण जातीलच. निदान जे जातील त्यांनी सुरू झाल्यावर एकदा तरी बसावं.

आणि कपड्यांचं. साईटवरून तसंच मेट्रोत शिरलं की बाजूचा माणूस सरकून बसतो, हे मलाही झालंय. एक स्वच्छ शर्ट पिशवीत ठेवा. तो सरकणाऱ्यासाठी नाही, आपल्याला मान वर करून बसता यावं म्हणून. भाडं सगळ्यांना तेवढंच पडतं.

आता पुढच्या रविवारचं. ज्यांनी कधी मेट्रो वापरली नाही त्यांनी साडेआठला गेटवर यायचं. कार्ड नसेल त्यानं पंचवीस दिरहम आणायचे, स्टेशनावर घेऊ. इथून बसनं इतिसालात, तिथून ग्रीन लाइन, गाडी न बदलता थेट बुरजुमान. अल रास गेलं की गाडी खाडीच्या खालून जाते, बाहेर काही दिसत नाही, घाबरायचं नाही. बुरजुमानला उतरून वकिलातीच्या गेटपर्यंत चालत जायचं. रविवारी आत काही काम होणार नाही. रस्ता पायाखालचा व्हावा एवढ्यासाठीच जायचं. प्रत्येकानं स्टेशनाच्या कुठल्या दारानं बाहेर पडलो ते बघून ठेवायचं, परत येताना मी पुढं नसेन, तुम्ही मला न्यायचं. येताना बर दुबईहून अब्रा, एक दिरहम सुट्टा ठेवा, होडीत रोख चालतं. पलीकडं देरात उतरून जेवण, ज्याचं त्यानं द्यायचं. पाण्याची बाटली आणा, पण मेट्रोत उघडू नका.